मागच्या भिंतीवरचा तक्ता

तिसरीच्या वर्गात पाढ्यांचा तक्ता मागच्या भिंतीवर होता. बाकीच्या वर्गांत तो पुढे, फळ्याशेजारी, मुलांच्या डोळ्यांसमोर टांगलेला असायचा. कुणी विचारलंच तर तिसरीच्या बाई म्हणायच्या, "समोर लावला की मुलं वाचून सांगतात. मग पाठ कधी करणार?" हे उत्तर इतकं पटण्यासारखं होतं, की मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, शिक्षकांच्या सभेत त्याचं कौतुकही केलं होतं. बाई तेव्हा मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यावर रेघोट्या ओढत बसल्या होत्या.

खरं कारण वेगळंच होतं. मुलांची पाठ तक्त्याकडे असली, की बाईंचं तोंड आपोआप तक्त्याकडे व्हायचं.

बाईंना पाढे येत नव्हते. अगदीच येत नव्हते असं म्हणणं अन्यायाचं होईल. बे, पाच आणि दहा हाताशी होते. तीन, चार ओढूनताणून यायचे. पण सहाच्या पुढे गेलं की चोपन्न, छप्पन्न, त्रेसष्ट, चौसष्ट हे सगळे आकडे एका बादलीत भिजवलेल्या मोज्यांसारखे व्हायचे. कुठला कुणाचा जोडीदार, काही कळेना. त्यातही सात आठे म्हटलं की डोक्यात एकदम अंधारच.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मूल उत्तर द्यायचं, बाई क्षणभर सगळ्यांच्या डोक्यांवरून लांब कुठेतरी बघायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर." मुलांना वाटायचं, बाई केवढा विचार करतात.

हा अंधार आला होता घरातूनच. बाईंचे वडील, नाना, हायस्कुलात गणित शिकवायचे. शाळेतलं गणित ते घरी घेऊन यायचे आणि थेट जेवायला बसवायचे. चमचा ताटाच्या काठावर आपटायचा, "टक्! सात आठे?" उत्तर यायच्या आत दुसरी टक्. तिसरी टक् झाली, की नाना स्वतःच उत्तर सांगायचे आणि एक सुस्कारा टाकायचे. मार कधी दिला नाही त्यांनी. तो सुस्काराच पुरेसा होता. आता नाना एक्याऐंशी वर्षांचे होते, लेकीकडेच राहत होते. घरात दोघंच. नजर अधू झाली होती, गुडघे गेले होते, पण चमचा शाबूत होता.

---

त्या वर्षी शाळेत गणित शिकवायची नवी पद्धत आली. पद्धत तशी साधी होती: घाई करायची नाही. एक पायरी सगळ्या मुलांना नीट चढता आली, की मगच दुसरी. आधी वस्तू हातात द्यायच्या, मग चित्र काढायचं, मग आकडे. आणि समजलं, की इतका सराव करायचा, की उत्तर विचार न करता तोंडात यायला हवं. बाईंना पद्धत मनापासून आवडली. आपल्याला असं कुणी शिकवलं असतं तर, असंही वाटून गेलं.

मोठ्या सरांनाही ती आवडली होती, पण त्यांना तिचं शेपूट जास्त आवडलं होतं. दर शुक्रवारी मिनिटाची चाचणी. एक मिनिट, वीस गुणाकार. ज्याला ओळीने तीन आठवडे बारासुद्धा जमत नाहीत त्याला वेगळ्या गटात पाठवायचं. तो गट जिन्याखालच्या खोलीत बसायचा. तिथे गेलेलं मूल वर्गात परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी बाईंनी घड्याळ बघून "थांबा" म्हटलं, तेव्हा एका मुलाने पेन्सिल हवेत उडवून झेलली होती. सगळा वर्ग त्याला तोफखाना म्हणायचा. तो बोलायचा नाहीच, धडाडायचा.

"बाई, वीस! सगळे वीस!"

बाईंनी उत्तरांचा कागद लावून तपासलं. वीसपैकी सहा चुकले होते.

"चुकले, पण झाले ना बाई?" तोफखाना म्हणाला.

खिडकीजवळच्या बाकावर एक बारकीशी मुलगी अजून कागदाकडे बघत होती. तिला मुलं मुंगी म्हणायची. चिडवायला ठेवलेलं नाव होतं, पण ती चिडायची नाही, त्यामुळे चिडवणाऱ्यांची मजा गेली आणि नाव तेवढं राहिलं. तिच्या कागदावर सहा उत्तरं होती. सहाच्या सहा बरोबर.

"मुंगी अजून रस्त्यातच आहे!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

"बाळ, चौदा राहिले की गं," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"राहिले ते राहिले बाई," मुंगी म्हणाली. "केलेले बरोबर आहेत का, ते बघा ना."

संध्याकाळी मोठे सर वेगळ्या गटाची यादी घेऊन आले. यादीत एकच नाव होतं. "पहिल्या चाचणीत पाच, आज सहा. पुढच्या शुक्रवारी काय बारा होणार आहेत? सही करून ठेवा तुम्ही. पोरगी चांगली आहे, वाद नाही. पण एका गाडीसाठी सगळा रस्ता थांबवून कसं चालेल?"

"पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबू या का, सर?" बाई म्हणाल्या. एवढं बोलतानाही त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"थांबा. त्या दिवशी तपासणीचे साहेबही येतायत. तुमचाच तास बघणार आहेत. तास झाला की सही."

---

दुसऱ्या दिवशी मुंगीचे बाबा फाटकाशी उभे होते. ते फरशी बसवायचं काम करत. बोटांच्या फटींत सिमेंट इतकं मुरलेलं, की हात धुऊनही राखाडीच.

"बाई, जिन्याखाली पाठवणार म्हणे पोरीला?"

"अजून ठरलं नाही."

"नाही, म्हणजे तुम्हाला योग्य वाटत असेल तर माझं काही म्हणणं नाही." ते बोलताना बाईंकडे न बघता पायाखालच्या फरशीकडे बघत होते, सवयीने असेल. "पण एक सांगू का? सुट्टीच्या दिवशी ती माझ्याबरोबर कामावर येते. खोली बघते आणि सांगते, बाबा, इतक्या फरश्या लागतील. मी माझ्या हिशोबाने मोजतो, तर तेवढ्याच. एक कमी नाही, एक जास्त नाही. मग वर्गात असं काय होतं तिला?"

"वर्गात घड्याळ असतं," बाई म्हणाल्या.

बाबांना ते पटलं असावं. "घड्याळ लावून फरशी बसवली तर उद्या उखडते," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण तसं बघितलं तर मालक घड्याळ बघतोच की. दिवसाला किती बसवली, ते विचारतोच. वेग लागतोच बाई. मी पण नवा होतो तेव्हा गोगलगाय होतो."

"मग वेग कसा आला तुम्हाला?"

"पाच ओळी झाल्या की खडूची रेघ मारायची. तिथपर्यंतचं झालं, पक्कं. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं नाही. रेघेच्या पुढचं तेवढं बघायचं." ते ओशाळून हसले. "तुम्हाला काय सांगतोय मी! तुम्ही शिकवणाऱ्या."

बाईही हसल्या. पण घरी जाताना ती खडूची रेघ त्यांच्याबरोबर चालत आली.

रात्रीच्या जेवणात चमचा वाजला. "टक्! सात आठे?"

"नाना, पाणी देऊ?"

"पाणी आहे माझ्यासमोर. सात आठे?"

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि उगीचच नळ सोडून उभ्या राहिल्या. सेहेचाळीस वर्षांची बाई, केसांत पांढरं आलेलं, आणि नळाच्या आवाजात लपून उभी. मुंगीचं नाव असलेली यादी शाळेत सहीची वाट बघत होती. जिला सहाच्या सहा बरोबर येतात तिला जिन्याखाली पाठवायचं, आणि जिला सात आठे येत नाही तिने सही करायची! हसावं की रडावं, ते बाईंना समजेना.

---

शुक्रवार आला. मोठे सर, चौथीच्या बाई आणि तपासणीचे साहेब वर्गात आले. साहेब चांगलेच उंच होते. त्यांच्यासाठी मागे खुर्ची ठेवली होती, पण ते म्हणाले, "मला उभंच बरं. पाठ दुखते बसून." आणि ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. नेमके तक्त्याला.

बाईंनी मान वर केली, तेव्हा त्यांना दोन, तीन, चारचे पाढे दिसत होते. सहाचा पाढा अर्धा दिसत होता. सात आणि आठ साहेबांच्या काळ्या कोटाखाली गेले होते.

काही बिघडत नाही, बाईंनी स्वतःला समजावलं. आजचा धडा आठाच्या पाढ्याचा होता, पण पाचापर्यंतचाच. तेवढं बाईंनी आदल्या दिवशी घोकून ठेवलं होतं. मण्यांच्या माळा झाल्या, चित्रं झाली. आठ पंचे चाळीस झालं. साहेब मान डोलवत होते. तास संपायला दहा मिनिटं उरली, आणि तोफखाना धडाडला.

"बाई, मला पुढचापण येतो! आठ सक अठ्ठेचाळीस, आठ साते चोपन्न!"

"छप्पन्न!" दुसरीकडून एकजण ओरडला.

"चोपन्न!"

"छप्पन्न! माझी ताई म्हणते छप्पन्न!"

"तुझी ताई चुकते!"

क्षणात वर्गाचे दोन पक्ष झाले. मग सगळे बाईंकडे बघायला लागले. निकाल बाईंनी द्यायचा होता.

बाईंनी सवयीने मुलांच्या डोक्यांवरून लांब बघितलं. तिथे काळा कोट होता. त्यांनी मान जराशी डावीकडे केली, मग उजवीकडे. साहेबांना वाटलं, बाईंना काही म्हणायचंय. ते ओळखीचं हसले. कोट हलला नाही. डोक्यात बादली पालथी झाली आणि सगळे मोजे एकत्र. चोपन्न. छप्पन्न. दोन्ही खरे वाटायला लागले. कुठूनतरी चमचा वाजत होता.

खिडकीजवळच्या बाकावर मुंगी बाईंकडे बघत होती. मग तिने मान वळवली आणि बाई जिकडे बघत होत्या तिकडे बघितलं. साहेबांकडे, कोटाकडे, कोटाच्या कडेने दिसणाऱ्या तक्त्याकडे. परत बाईंकडे वळून ती अगदी मदतीच्या स्वरात म्हणाली,

"बाई, त्यांना थोडं सरकायला सांगू का?"

इतके दिवस ती सगळं बघत होती तर!

चौथीच्या बाईंना काही कळलं नाही. मोठ्या सरांच्या कपाळावर आठी पडली. "हो, सरका जरा साहेब" म्हटलं असतं, तर निभावून गेलं असतं. "शाबास, छप्पन्न" असं ठोकून दिलं असतं, तरी पन्नास टक्के शक्यता होतीच. पण मुंगी वाट बघत होती, आणि तिच्या नजरेत चेष्टा नव्हती. एका अडलेल्या माणसाने दुसऱ्याकडे बघावं तशी नजर होती. तिच्यासमोर खोटं बोलणं बाईंना जमलं नाही.

"नको," बाई म्हणाल्या. "मुलांनो, मला आठ साते येत नाही. कधीच पाठ झालं नाही. मी रोज त्या तक्त्यावर बघून सांगते."

शेजारच्या वर्गातली कविता ऐकू यायला लागली.

"खरंच बाई?" तोफखान्याने एवढ्या हळू आवाजात आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं असेल.

"खरंच. तर आता काय करायचं? ओरडून ठरवायचं नाही. कुणाला दाखवता येईल का, आठ साते किती ते?"

मुंगी उठली. तिला हात वर करायची आठवण राहिली नाही. ती फळ्यासमोरच्या मोकळ्या जागेत आली, गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "बाई, खडू."

वर्गाची फरशी चौकोनी होती, फूट बाय फूट. चाळीस वर्षं तिच्यावरून मुलं धावत होती. मुंगीने भिंतीच्या कडेने आठ फरश्या मोजल्या आणि तिथे खूण केली. "ही एक ओळ. आठाची." मग एकेक ओळ मोजत ती मागे सरकत गेली. पाच ओळी झाल्यावर तिने डावीकडून उजवीकडे लांब रेघ मारली.

"इथपर्यंत आठ पंचे चाळीस. हे झालं. हे आता मोजायचं नाही."

"आणि मग?" बाईही तिच्याशेजारी खाली बसल्या होत्या.

"सात ओळी हव्यात. अजून दोन." पहिलं बाक आड येत होतं, चौघांनी ते सरकवलं. "या दोन ओळी. आठ दुणे?"

"सोळा!" सगळा वर्ग.

"चाळीस आणि सोळा," मुंगी म्हणाली आणि थांबली. उत्तर तिने सांगितलं नाही. ती बाईंकडे बघत राहिली.

बाईंनी रेघेकडे बघितलं. रेघेच्या अलीकडे चाळीस, पलीकडे सोळा. चाळीस आणि दहा पन्नास. पन्नास आणि सहा. डोक्यात अंधार नव्हता. फरशी होती, आणि फरशीवर स्वच्छ ऊन पडलेलं होतं.

"छप्पन्न," बाई म्हणाल्या. भिंतीकडे न बघता.

तोफखान्याचा विश्वास बसला नाही. त्याने एकेका फरशीवर पाय ठेवत सगळ्या मोजल्या. छप्पन्न भरल्यावर तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मग माझे चोपन्न कुणाचे?"

"शोध की," बाई म्हणाल्या. "फरशी तुझीच आहे."

घंटा झाली तेव्हा तोफखाना आणि आणखी पाचजण नवाच्या ओळी मोजत खाली रांगत होते. सहाव्या ओळीला चोपन्न सापडले, त्याची आरोळी मैदानापर्यंत गेली.

---

शाळा सुटल्यावर मोठ्या सरांच्या खोलीत साहेब खुर्चीत बसले; पाठदुखी विसरून. "तक्ता मागे का, ते आज कळलं," एवढंच ते म्हणाले. रागाने म्हणाले की कसे, ते बाईंना नीट उमगलं नाही.

"साहेब, कोटाला मागून धूळ लागलीय," बाई म्हणाल्या. दुसरं काही सुचेना.

मोठ्या सरांनी यादी पुढे सरकवली. "बाई, आजच्या प्रकाराबद्दल आपण नंतर बोलू. आधी हे. तास झाला की सही, असं ठरलं होतं."

"मी सही करणार नाही, सर."

"चाचणी?"

"चाचणी घेतली मधल्या सुट्टीनंतर. सात आले तिचे."

"म्हणजे बारा नाहीत."

"नाहीत. तिला समजतं, पण वेग नाही. वेग लागतो, मी नाही म्हणत नाही. पण तो जिन्याखाली बसून येणार नाही. मला सहामाहीपर्यंत वेळ द्या. रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं मी तिच्याबरोबर बसेन. माझाही सराव होईल."

साहेब एकदम हसले. मोठ्या सरांना मग हसावंच लागलं, पण ते पुरतं विरघळले नाहीत. "सहामाहीपर्यंत. त्या दिवशी बारा आले नाहीत, तर मी तुम्हाला विचारणार नाही. सही मीच करेन."

"चालेल," बाई म्हणाल्या.

---

त्यानंतर मधल्या सुट्टीत दोघी फरशीवर बसायच्या. येणाऱ्यावर रेघ मारायची आणि तिथून पुढे जायचं. सहा पंचे येतं ना? मग सहा साते म्हणजे त्यात अजून बारा. नऊ दाहे येतं? मग नऊ नव्वे म्हणजे त्यातून नऊ कमी. सुरुवातीला दोघींना एकेका उत्तराला बराच वेळ लागायचा. मग फरशीची गरज उरली नाही, बोटाने हवेत रेघ मारली तरी भागायचं. मग एके दिवशी बाईंनी विचारलं, "सहा साते?" आणि मुंगी म्हणाली, "बेचाळीस," आणि स्वतःच दचकली. "बाई, मी रेघ मारलीच नाही!"

शुक्रवारचे आकडे सात, आठ, आठ असे रेंगाळत होते. एकदा तर परत सहावर आले, आणि त्या दिवशी बाईंना रात्रभर झोप नाही. मग नऊ. मग दहा.

घरीही एकदा चमचा वाजला. बाई उठल्या नाहीत. "थांबा नाना. पाच आठे चाळीस, वर सोळा. छप्पन्न."

"सरळ छप्पन्न म्हणायला काय होतं?" नाना म्हणाले.

"म्हणेन की. आधी फरशी तर बसू द्या."

नानांना काही कळलं नाही. पण सुस्कारा टाकायचा त्यांना सुचला नाही, आणि दुसरी टक् झाली नाही.

सहामाहीच्या दिवशी मोठे सर स्वतः दारात उभे राहिले. बाईंनी घड्याळ तोफखान्याच्या हातात दिलं आणि एक कोरा कागद घेऊन मुंगीच्या शेजारी बाकावर बसल्या.

"बाई, तुम्हीपण?"

"मीपण. लाव घड्याळ."

एक मिनिट. वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज. मागची भिंत मोकळी होती. तक्ता होता तिथे रंगाचा एक उजळ चौकोन उरला होता, पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"थांबा!" तोफखाना गरजला. घड्याळापेक्षा एखादा सेकंद लवकरच असावं. तो उत्तरांचा कागद घेऊन आधी मुंगीकडे आला आणि बोट ठेवून मोजायला लागला. दारातून मोठे सर पुढे आले.

"...अकरा, बारा, तेरा. बाई, तेरा! एकही चूक नाही!"

मोठ्या सरांनी खिशातून घडी केलेली यादी काढली, आडवी फाडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून गेले. मुंगीने त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघितलं, मग बाईंच्या कागदाकडे वाकून बघितलं.

"बाई, तुमचे तीन राहिले."

"राहिले ते राहिले," बाई म्हणाल्या आणि कागद तिच्या पुढ्यात सरकवला. "केलेले बरोबर आहेत का, ते बघ."